प्रेमाची कादंबरी

भाताची झोडणी उरकली, नणंद माहेरी आली, तेव्हा कुठे रविनाला मुरबाडच्या पुस्तकप्रदर्शनाला जाता आलं. माळशेज घाटात बाईक घसरल्यापासून तिचा नवरा दीपेश खाटेला खिळला होता आणि त्याच्यापायी तीही घराला. थंडीत वाचायला तिने दोन नव्याकोऱ्या कादंबऱ्या आणल्या. एक भुताची, एक प्रेमाची. आधी भुताची त्याला वाचून दाखवली. विहिरीतून हात वर आला तरी तो हसत होता. मग तिने प्रेमाची उघडली. नायिका एसटीत बसून गाव सोडत होती. वाचता वाचता रविनाचा आवाज कधी नव्हे तो खुलला. “थांब गो,” दीपेश म्हणाला. “ती परत येते का?” “अजून वाचलं नाय.” त्याने तिचं मनगट धरलं. “मग नको वाचू. भीती वाटते.” तिने पुस्तक मिटलं. हात सोडवून घ्यावासा वाटला, पण ती बसून राहिली.