गॅलरीतले आप्पासाहेब

लग्नांचे फोटो काढून काढून केस पिकलेल्या शिवदासला एका नव्या इमारतीच्या जाहिरातीचं काम मिळालं. खालून फोटो काढला की इमारत वर निमुळती होत मागे कलल्यासारखी दिसते, हे त्याला त्या दिवशी कळलं. मग ती सरळ कशी करायची, हे तो महिनाभर व्हिडिओ बघून शिकला आणि गावच्या पाण्याच्या टाकीवर सराव करत राहिला. बायकोनं शांतपणे विचारलं, "टाकीचं लग्न ठरलंय का?"

बिल्डर आप्पासाहेबांना फलकावर इमारत हवी होती आणि इमारतीत स्वतः. कोट चढवून ते सगळ्यात वरच्या गॅलरीत उभे राहिले. शिवदासनं रस्त्यावरून फोटो घेतला, कॉम्प्युटरवर त्याचा वरचा भाग दोन्ही बाजूंनी ताणला, आणि कललेली इमारत अगदी ओळंब्यात आली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

फोटो बघून आप्पासाहेबांच्याही आलं. "मी एवढा जाड आहे?"

"साहेब, वरचा भाग ताणला की तिथलं सगळंच रुंद होतं."

"मग ताणू नकोस."

"मग इमारत पडायला आल्यासारखी दिसेल."

"इमारत काय, पुढच्या वर्षी दुसरी बांधू," आप्पासाहेब म्हणाले, आणि न ताणलेला फोटो पास झाला.

चौकात फलक लागला. मागे कललेल्या इमारतीच्या गॅलरीत सडपातळ आप्पासाहेब हसत होते. खाली लिहिलं होतं, 'भक्कम पायाचं घर'. फ्लॅट बघायला कुणी फिरकलं नाही. वजन कसं उतरवलं, हे विचारणाऱ्यांची मात्र ऑफिसात रीघ लागली.