आजचा वार

"आज वार कोणता, तेसुद्धा तिला सांगता येत नाही," मुलगा म्हणाला. "डोकं ठिकाणावर नाही. पाय कापायला तिची कसली परवानगी घेता? माझी सही घ्या."

खाटेवरच्या सगुणाकाकूंचा पाय मधुमेहानं काळा पडला होता आणि त्या 'नको' म्हणत होत्या. स्वतःचा निर्णय घेण्याइतक्या त्या भानावर आहेत का, हे कायद्यानं तपासायला हॉस्पिटलनं वकील देशिंगकरबाईंना बोलावलं होतं. 'हो' म्हणणाऱ्या पेशंटचं डोकं तपासायला मात्र बाईंना आजवर कुणी बोलावलं नव्हतं.

त्यांनी स्टूल ओढलं. "काकू, पाय नाही कापला तर?"

"विष वर चढेल. मरेन."

"आणि कापला तर?"

"जगेन की! तिसऱ्या मजल्यावर, खिडकीत बसून. जिना उतरता येणार नाही, म्हणजे देवळातल्या गप्पा बंद. दिवसभर सूनबाईच्या मालिका."

"यांना सगळं कळतंय," बाई मुलाला म्हणाल्या. "निर्णय यांचाच."

"म्हणजे मरू द्यायचं?" मुलानं विचारलं. मग तो पहिल्यांदाच आईच्या उशाशी टेकला. "आई, आपण तळमजल्यावर राहायला गेलो तर?"

काकूंनी छताकडे बघत जरा विचार केला. "रस्त्याकडे दार असलेली जागा बघ. मग कापा म्हणावं."

मुलानं डोळे पुसले. "बघा, आली ना भानावर!"

"वार विचारू का त्यांना?" बाई म्हणाल्या.

"राहू द्या हो," तो घाईघाईनं म्हणाला.