आई गरम जेवली तो दिवस

"आई, आज तू आधी बस," मी म्हटलं आणि पॅनमधल्या सगळ्यांत मोठ्या आठ कोळंब्या तिच्या ताटात वाढल्या. लसूण, मिरपूड, भरपूर साय. वीस मिनिटांत केल्या होत्या आणि कसल्या भारी झाल्या होत्या.

एरवी पप्पांचं झाल्यावर आई उरलेल्या गार रश्शाला पोळी लावून खाते. पण नववीत आल्यापासून मी गप्प बसणं सोडलंय.

पप्पा आले, ताट बघितलं. "माझ्या कुठायत?"

"पॅनमध्ये. लहान आहेत, पण चव तीच."

पहिली थप्पड कानावर बसली. दुसरीला मी मनगट धरलं, तशी त्यांनी वेणी खेचून माझं तोंड ओट्यावर आपटलं. ओठ फुटला. आई उठली. आता ती माफी मागणार, मग तिलाही पडणार, हे मला पाठ होतं.

तिनं गॅसवरचा तापलेला पॅन उचलून पप्पांच्या हातावर टेकवला. ते किंचाळले, वेणी सुटली.

आई परत ताटावर बसली, एक कोळंबी तोंडात टाकली आणि सावकाश चावून म्हणाली, "हात नळाखाली धरा. मी जेवतेय."