ठेवणीतली साडी

रविवारी सकाळी एडवर्डच्या बायकोने, रोझालिनाने, ट्रंकेतून मोरपंखी साडी काढली. शवपेटीत मला हीच नेसवा, असं तिने सुनेला बजावून ठेवलं होतं. येत्या मंगळवारी रोझालिनाचं हृदयाचं ऑपरेशन होतं. "ही कित्याक काढलंस गो?" त्याने विचारलं. "मिस्सेक नेसतंय. देवान आजचो दिस दिल्यान, तो काय ट्रंकेत घालून ठेवचो?" चर्चमध्ये मिस्सेची प्रार्थना संपेपर्यंत साडीला डांबरगोळ्यांचा वास येत राहिला. एडवर्डला प्रार्थना सुचेना, ती मात्र मोकळ्या गळ्याने गात होती. परतताना ती थेट मासळीबाजारात शिरली. बांगडे उलटसुलट करून बघताना टोपलीतलं पाणी पदरावर उडालं. "डाग पडलो. आता तुका शेवटी काय नेसवचा?" एडवर्डच्या तोंडून निघून गेलं आणि त्याने जीभ चावली. रोझालिना हसली. हात पदरालाच पुसत म्हणाली, "ता देव बघतलो. तू सांग, बांगड्यांचा तिखला करू की तळू?"