साहेबांच्या पाच आवडत्या गोष्टी

"पाचवी म्हणून पाळणाघराची जागा टाका," साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले. "म्हणजे तिथे आता नमुन्यांचं दालन होणार आणि ते मला फार आवडलं, असं. पुढच्या सोमवारपासून पाळणाघर बंद. जरा गोड करून लिहा. बाकीच्या चार नेहमीसारख्या."

टाइपबाईंनी वहीत टिपून घेतलं. कारखान्यातून टाइपरायटर जाऊन जमाना झाला होता. कॉम्प्युटर आला, तो जुना होऊन दुसरा आला, पण बाई टाइपबाईच राहिल्या.

कुलपांच्या त्या कारखान्यात गेली अकरा वर्षं महिनाअखेरीला एकपानी पत्रक निघे. वर साहेबांचा फोटो, खाली साहेबांची सही, आणि मध्ये 'या महिन्यात मला आवडलेल्या पाच गोष्टी'. एरवी पत्रकांचं जे होतं ते याचं होत नसे. डबे उघडले की कुणीतरी ते मोठ्याने वाची आणि बाकीचे घास हातात धरून ऐकत. साहेबांना आवडायचं तरी काय काय! पॉलिशच्या खोलीतल्या म्हाताऱ्याची शिट्टी. तीन नंबरचं मशीन सकाळी सुरू होताना देतं ती उचकी. रखवालदाराने सदऱ्याला स्वतः लावलेलं, बाकीच्यांहून वेगळ्याच रंगाचं बटण. एवढ्या मोठ्या माणसाला आपलं बटण दिसलं म्हणून रखवालदाराने पुढे सहा महिने ते बदललं नाही. साहेब वरच्या मजल्यावरून क्वचितच खाली उतरत. पण उतरले की लोक म्हणत, "साहेब, तुमचं लक्ष असतं हो सगळीकडे." साहेबही मान हलवून ते कौतुक निवांत पदरात पाडून घेत.

दुपारी बाई जिन्याखालच्या पाळणाघरात गेल्या. बातमी त्यांच्याआधीच पोचली होती, कारण सकाळी सुतार येऊन मापं घेऊन गेला होता. स्प्रिंगा बसवणारी, जिला सगळे चिमणी म्हणत, ती दहा महिन्यांच्या लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. तिच्याइतका चपळ हात अख्ख्या कारखान्यात दुसरा नव्हता.

"घरी कोण असतं गं?" बाईंनी विचारलं.

"कुलूप," चिमणी हसून म्हणाली. मग हसणं विरलं. "नवरा लांब कामाला, सासूबाई गेल्या. हिला ठेवू कुठे? सोडते काम. दुसरं काय करणार, बाई?"

कुरकुर नाही, शिव्याशाप नाहीत. भाजी संपल्याचं सांगावं तसं तिने सांगून टाकलं. बाईंना तेच सहन झालं नाही. त्यांना राग आला, चांगला सणसणीत राग आला आणि हात शिवशिवायला लागले.

जागेवर येऊन त्यांनी चार आवडी टाइप केल्या. पाचवीला थांबल्या. निवृत्तीला दोन वर्षं होती. घरात अंथरुणावरचे यजमान होते आणि मिळवतं दुसरं कुणी नव्हतं. या वयात कोण दारात उभं करणार? बाईंनी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि टाइप करायला घेतलं. साहेब म्हणाले होते गोड लिहा, तर गोडच लिहिलं.

संध्याकाळी फोन खांद्याला दाबून धरत साहेबांनी इतर कागदांबरोबर त्यावरही सही ठोकली. सही करायची म्हणजे आधी वाचायचं, ही भानगड त्यांनी कधीच ठेवली नव्हती. बाईंनी दोनशे प्रती काढल्या आणि एक फलकावर लावली.

सकाळी साहेबांच्या दाराबाहेर ही गर्दी. पंचवीस-तीस बाया, कडेवर पोरं, सगळ्यात पुढे चिमणी. "साहेबांना बाहेर बोलवा," असा एकच गलका चालला होता. आत साहेब हातातला कागद नाचवत उभे होते.

"काय लिहिलंय हे? 'पाच. जिन्याखालचं पाळणाघर. सुतार माप घ्यायला गेला तेव्हा एका चिमुरडीने त्याची टेप घट्ट धरली आणि काही केल्या सोडली नाही. मला ते फार आवडलं. नमुने काय, कपाटातही मावतील. पाळणाघर आहे तिथेच राहील, हा माझा शब्द.' हे मी कधी म्हणालो?"

"नाही म्हणालात," बाई म्हणाल्या.

"तुम्हाला दालन लिहायला सांगितलं होतं मी!"

"सांगितलं होतं. नाही लिहिलं."

एवढी वर्षं 'हो साहेब' म्हणणारी बाई चक्क तोंडावर सांगत होती. त्यांनी कागदाचा बोळा केला.

"टेबल आवरा आणि घरी जा. कायमच्या. आणि मी आत्ताच्या आत्ता बाहेर जाऊन सांगतो, यातला एकही शब्द माझा नाही. सगळं या टाइपबाईने मनानेच घातलंय."

बाई चालत दारापर्यंत गेल्या आणि त्यांनी दार सताड उघडलं. बाहेर टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी ओरडलं, "साहेब, तुमच्यासारखा माणूस नाही!" साहेबांचा हात सवयीने वर गेला, चेहऱ्यावर नेहमीचं हसू आलं. ते उंबऱ्यापाशी पोचले तेव्हा बाई फक्त त्यांनाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या,

"जरूर सांगा, साहेब. पण एकट्या या महिन्याचं सांगू नका. अकरा वर्षांत एकही शब्द तुमचा नव्हता, हेही सांगा."