चाकांची बॅग

मांडीवरच्या धडधाकट पोराएवढा जड असा तो पितळी ट्यूबा, बँडमधला फुंकून वाजवायचा सगळ्यात मोठा बाजा. त्याच्यासाठी चाकांची बॅग घ्यायला बायकोला घेऊन वादक दुकानात आला आणि एकेका बॅगेला नावं ठेवू लागला. हिची चाकं खेळण्यातली, तिचं अस्तर पोत्याचं.

"वाद्याची कदर कलावंतालाच असते," त्याने दुकानदाराला सुनावलं.

अखेर एक पसंत पडली. दुकानदाराने ट्यूबा आत ठेवला. "साहेब, जरा ओढून बघा."

"मी कशाला?" वादक मागे वळला. "अगं, दांडा तुझ्या उंचीला पुरतोय का बघ."

लग्न झाल्यापासून तो बाजा पाठीवर वाहणाऱ्या बायकोने बॅग चार पावलं ओढली आणि दांडा नवऱ्याच्या हातात दिला.

"छान सरकते. आता तुम्हालाही जमेल."