आपल्यापुरती हवा

सुरेखाबाईंनी चौथ्यांदा तेच उत्तर खोडलं. लेक केतकी समोर गप्प बसली होती. तिने एक शब्द जरी सुचवला असता, तरी आईचा इथे राहण्याचा अर्ज बाद झाला असता. चंद्रावरच्या या वस्तीत एकदा सगळी यंत्रं बंद पडली होती. तेव्हापासून नियमच झाला: आपल्या दिवसभराच्या प्राणवायूसाठी किती पाणी फोडायचं, हे ज्याला कागदावर काढता येत नाही, त्याने पुढच्या यानाने पृथ्वीवर परत जायचं.

प्राणवायू हवा होता आठशे चाळीस ग्रॅम. सातवीत शाळा सुटलेल्या सुरेखाबाईंच्या हिशेबात पाणी येत होतं चारशे बहात्तर.

"अर्धा किलो दुधातून किलोभर खवा काढणारी बाई मी अजून बघितली नाही," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "मग कमी पाण्यातून जास्त वायू कसा निघेल?"

त्यांनी पाण्यातून हायड्रोजन आणि प्राणवायू वेगळे होण्याचं समीकरण बोट ठेवून वाचलं. प्राणवायूचे अणू डावीकडे एक, उजवीकडे दोन. त्यांनी पाण्याच्या आधी दोनाचा आकडा घातला, मग हायड्रोजनच्याही आधी. या वेळी उत्तर आलं नऊशे पंचेचाळीस. तपासणीचा हिरवा दिवा लागला.

केतकीने डोळे पुसले. "झालं, आई. ठेव आता पेन्सिल."

सुरेखाबाईंनी पान उलटलं आणि दोन माणसांचं गणित मांडायला घेतलं.

"हे कशाला?"

"तू आजारी पडलीस, तर तुझ्यापुरती हवा कोण काढणार?"